सायकलस्वार, मोटार आणि कायदा

(नभोवाणीवरील भाषण)

संध्याकाळची सहाची वेळ आहे. पुण्याच्या टिळक रस्त्यावरून एक मनुष्य डावी कड धरून सायकलवर चालला आहे. विजेचीं कामें करणारा तो एक कारागीर. वय अडतीसच्या आसपास, हँडलला हत्यारांची पिशवी अडकविलेली. मागून येणारी एक मोटार त्याच्या पुढें निघते आणि एकाएकीं डावीकडच्या बोळांत वळते. धक्का लागून सायकल आडवी होते व मनुष्य हातावर पडतो. चार माणसें धांवतात. मोटारींतील गृहस्थ सभ्य आहे, तो खालीं उतरतो, "फारसं लागलं नाहीं ना?" असें विचारतो आणि पाकिटांतून पांचशेंच्या दोन नोटा काढून पुढें करतो. गर्दींतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात, "अहो, मिटवून टाका आतां! पोलीस आणि कोर्ट यांच्या नादीं कोण लागतो?" कारागीर कपडे झटकतो, वांकडें झालेलें हँडल सरळ करतो आणि घरची वाट धरतो. रात्रीं मनगट सुजतें. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर सांगतात कीं, हाड मोडलें आहे. मोटारीचा नंबर मात्र त्याला ठाऊक नसतो, आणि त्या सभ्य गृहस्थाचें नांवहि.

श्रोतेहो, हा प्रसंग मीं कल्पनेनें रचला आहे. पण तो आपणांपैकीं कोणास अपरिचित वाटेल असें मला वाटत नाहीं. यांत दुष्ट असा कोणीच नाहीं. मोटारवाल्यानें पळ काढला नाहीं, बघ्यांनीं मदत केली, आणि कायदाहि त्या कारागिराच्या विरुद्ध नव्हता. तरीसुद्धां त्याचें मोठें नुकसान झालें. आणि तें झालें केवळ अज्ञानानें. त्या चौकांत जमलेल्या दहा माणसांपैकीं एकालाहि सायकलस्वाराचा हक्क काय आहे हें माहीत नव्हतें. तो हक्क काय आहे, व तो हातचा जाऊं नये म्हणून काय करावें लागतें, हें आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. आज त्या रस्त्यांवर मोटारींचें राज्य आहे आणि सायकलवाला आपण तेथें पाहुणा आहों अशा संकोचानें वागतो. आपल्यापाशीं परवाना नाहीं, विमा नाहीं, गाडीला नंबर नाहीं, तेव्हां आपली बाजू लंगडी, अशी त्याची समजूत असते. ही समजूत साफ चुकीची आहे. साध्या सायकलीला परवान्याची किंवा विम्याची जरूरच नाहीं. विमा काढण्याची सक्ति आहे ती मोटारीवर. आणि ती मोटारवाल्याच्या हितासाठीं नसून त्याच्या मोटारीपासून ज्यांना इजा होईल त्या परक्या माणसांसाठीं आहे. कायद्याच्या भाषेंत या परक्या माणसाला 'तृतीय पक्ष' म्हणतात. एक पक्ष विमा कंपनी, दुसरा मोटारमालक, आणि तिसरा तुम्ही-आम्ही, म्हणजे पायीं चालणारे आणि सायकलवर जाणारे. सायकलस्वार भरपाई मागतो तेव्हां तो कोणाची मेहेरबानी मागत नाहीं. त्याच्यासाठींच ज्या विम्याचा हप्ता भरला गेला आहे त्यांतील आपला भाग तो मागतो.

हा हक्क एका दिवसांत मिळालेला नाहीं. जुन्या काळीं अपघातांत मनुष्य मेला तर १८५५ च्या घातक अपघात कायद्याखालीं, आणि जखमी झाला तर सर्वसाधारण दिवाणी दाव्यानें, दाद मागावी लागे. दावा वर्षानुवर्षें चाले, आणि हुकूमनामा मिळाला तरी प्रतिवादीपाशीं पैसा नसेल तर तो कागद देव्हाऱ्यांत ठेवण्याच्या उपयोगाचा! १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें विम्याची सक्ति आणली व ती १९४६ पासून अमलांत आली. १९५६ च्या दुरुस्तीनें अशा दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. पुढें १९८८ चा नवा कायदा आला आणि त्यांत २०१९ सालीं मोठे फेरफार झाले. त्यांपैकीं विमा व भरपाई यांसंबंधींचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आहे. आज दाद मागावयाची ती या कायद्याप्रमाणें, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढें करतां येतो, त्याचप्रमाणें अर्जदार जेथें राहतो किंवा धंदा करतो तेथेंहि करतां येतो. सोलापुरास राहणाऱ्या मनुष्याला पुण्यास धक्का लागला तर त्यानें प्रत्येक तारखेस पुण्याच्या खेपा घातल्या पाहिजेत असें नाहीं.

आतां दाव्याचे मार्ग पाहूं. ते दोन आहेत, आणि त्यांची गल्लत करूं नये.

पहिला मार्ग कलम १६४ चा. यांत मोटारवाल्याची चूक होती असें सिद्ध करण्याची, किंबहुना तसें म्हणण्याचीहि, गरज नाहीं. मोटारीच्या वापरामुळें मृत्यु आला तर वारसांना ५ लाख रुपये आणि जबर दुखापत झाली तर जखमी मनुष्याला अडीच लाख रुपये, अशी ठराविक रक्कम मालकानें किंवा त्याच्या विमा कंपनीनें द्यावयाची असते. जबर दुखापत म्हणजे मनुष्य अंथरुणाला खिळला पाहिजे असें नव्हे. हाड मोडणें किंवा निखळणें, दांत तुटणें, यांचाहि तींत समावेश होतो. आपल्या कारागिराचें मनगट या व्याख्येंत बसतें. दोन नोटा खिशांत घालून घरीं जातांना त्यानें किती रकमेवर पाणी सोडलें याची यावरून कल्पना येईल.

दुसरा मार्ग कलम १६६ चा. येथें मोटार हयगयीनें चालविली होती हें दाखवावें लागतें. पण रकमेला ठराविक मर्यादा नाहीं. न्यायाधिकरणाला जी न्याय्य वाटेल ती रक्कम तें देतें. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. विमा कंपनीशीं तडजोड करून कलम १६४ ची ठराविक रक्कम एकदां स्वीकारली कीं, कलम १६६ खालचा अर्ज संपुष्टांत येतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवतां येत नाहीं. किरकोळ अस्थिभंग असून तो पूर्ण बरा होणार असेल तर पहिला मार्ग सोयीचा. हाताला, पायाला किंवा डोक्याला कायमचें अधूपण येण्याचा संभव असेल तर घाईनें सही करूं नये. आधीं डॉक्टरांचें मत घ्यावें आणि मग वकिलाचें.

हयगय सिद्ध करणें म्हणजे फार अवघड काम, अशी लोकांची कल्पना असते. फौजदारी खटल्यांत गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो, तसें येथें नाहीं. दोहोंपैकीं कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढेंच न्यायाधिकरण पाहतें. म्हणूनच मोटारचालक फौजदारी खटल्यांतून सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळें बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं स्पष्ट केलें. २००१ सालीं तें याच्याहि पुढें गेलें. टायर फुटून एक जीप उलटली व तिच्या तडाख्यांत पायीं चाललेला एक मनुष्य सांपडून मेला. चालकाची चूक नव्हती म्हणून खालच्या न्यायालयांनीं दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयानें भरपाई दिली. जो मनुष्य धोक्याची वस्तु रस्त्यावर आणतो त्यानें तिच्यामुळें झालेलें नुकसान सोसलें पाहिजे, हें त्या निकालामागील तत्त्व आहे.

हें तत्त्व कांहीं आपल्याच देशाचें नव्हे. जर्मनींत १९०९ च्या कायद्यानें मोटार बाळगणाराची जबाबदारी तो चुकला कीं नाहीं यावर अवलंबून ठेविली नाहीं. हॉलंडांत तर मोटारीखालीं सांपडलेला सायकलस्वार चौदा वर्षांखालील असेल तर सामान्यतः पूर्ण भरपाई, आणि त्याहून मोठा असेल व त्याची चूक असली तरीहि बहुधा निम्मी भरपाई मोटारवाल्याकडून मिळते. यामागील विचार सरळ आहे. एका बाजूला हजार किलोंचें लोखंड आणि दुसऱ्या बाजूला हाडामांसाचा देह. चूक दोघांकडूनहि होऊं शकते, पण तिची शिक्षा मात्र एकालाच भोगावी लागते.

आपल्याकडे कायदा अद्याप इतका पुढें गेलेला नाहीं. कलम १६६ खालीं सायकलस्वाराचीहि चूक असेल तर तिच्या प्रमाणांत रक्कम कमी होते. रात्रीं दिवा नसणें, उलट दिशेनें येणें, हात न दाखवितां वळणें, सिग्नल तोडणें, या गोष्टी विमा कंपनीचा वकील हटकून पुढें आणतो. परंतु नियम मोडला एवढ्यावरून भरपाई कापतां येत नाहीं. त्या नियमभंगामुळें अपघात घडला किंवा इजा वाढली, असा संबंध दाखविला पाहिजे. एका मोटारसायकलीवर तिघे बसले होते व मागून येणाऱ्या मोटारीनें तिला धडक दिली, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं हेंच सांगितलें. भर दुपारीं मागून धडक बसलेल्या सायकलीला दिवा नव्हता, या तक्रारीला अर्थ नाहीं. शिरस्त्राणाची सक्तीहि कायद्यानें मोटारसायकलवाल्यांवर केली आहे, साध्या सायकलवाल्यांवर नाहीं. तें घालावें हें शहाणपणाचें खरें. पण घातलें नव्हतें म्हणून हक्क गेला, असें कोणी सांगितल्यास मानूं नये.

भरपाईचा हिशेब कसा होतो? आपल्या कारागिराचेंच उदाहरण घेऊं. औषधोपचार, जाण्यायेण्याचा खर्च, पौष्टिक आहार, सोबतीला राहणाऱ्या माणसाचा खर्च, बुडालेला रोजगार, सोसलेल्या वेदना, या सर्व बाबी वेगवेगळ्या धरल्या जातात. सायकल व हत्यारें यांचें नुकसानहि मागतां येतें. आणि अधूपण कायमचें असेल तर पुढील आयुष्यांत कमाई किती घटेल हें मोजतात. समजा, तो महिन्याला २० हजार रुपये मिळवीत होता आणि मनगट नीट न वळल्यामुळें त्याची कमाईची शक्ति २० टक्क्यांनीं घटली. वर्षाची मिळकत २ लाख ४० हजार. तिचा पांचवा हिस्सा ४८ हजार. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं वयाप्रमाणें गुणक ठरवून दिले आहेत. छत्तीस ते चाळीस वयाला तो पंधरा आहे. म्हणजे या एका बाबीचेच ७ लाख २० हजार रुपये होतात; आणि यांत मिळकतींतील पुढील वाढ धरलेली नाहीं. त्याची स्वतःची चूक एक चतुर्थांश ठरली, तरी या बाबीचे ५ लाख ४० हजार उरतात. आतां त्या दोन नोटा पुन्हा डोळ्यांपुढें आणा.

येथें डॉक्टरांनीं दिलेल्या अधूपणाच्या टक्क्यांवरच सर्व कांहीं अवलंबून नसतें. एकच इजा निरनिराळ्या धंद्यांत निरनिराळी ठरते. सर्वोच्च न्यायालयानें २०१० च्या एका निकालांत असें दाखवून दिलें आहे कीं, डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल, पण सरकारी कचेरींतील कारकुनाची नोकरी कदाचित् टिकेल. म्हणून आपण नेमकें कोणतें काम करीत होतों आणि त्यांतील काय आतां करतां येत नाहीं, हें अर्जांत सविस्तर लिहावें. ज्यांना पगार नाहीं अशा गृहिणींनींहि मागें राहूं नये. घरांतील श्रमांना पैशांत किंमत आहे हें न्यायालयांनीं मान्य केलें असून सर्वोच्च न्यायालयानें २०१० व २०२१ सालीं त्याचा स्पष्ट पुरस्कार केला आहे. मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या वतीनें आईबापांना अर्ज करतां येतो.

एवढा हक्क असूनहि तो जातो कुठें? तो जातो पहिल्या घटकेंत आणि पहिल्या सहा महिन्यांत.

पहिल्या घटकेंत करावयाचें तें असें. मोटारीचा नंबर लिहून घ्यावा किंवा तिचें छायाचित्र काढावें. चालकाचें नांव व विमा कंपनीचें नांव विचारावें. पाहणाऱ्यांपैकीं दोघांचे दूरध्वनि क्रमांक घ्यावे. ११२ वर खबर द्यावी. लागलेलें नाहीं असें वाटलें तरी त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें, आणि मोटारीच्या धक्क्यानें सायकलवरून पडलों असें स्पष्ट सांगून केसपेपरावर लिहवून घ्यावें. नुसतें 'पडून इजा' एवढेंच लिहिलेलें असलें तर पुढें तोच कागद विमा कंपनीच्या कामीं येतो. वांकडी झालेली सायकल पंचनाम्यापूर्वीं दुरुस्त करूं नये. उपचारांच्या धांदलींत फिर्याद देण्यास उशीर झाला, तर तेवढ्यावरून दावा फेटाळतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. पण उशिराचें कारण सांगतां आलें पाहिजे.

इस्पितळानें आधीं पोलीस येऊं द्या किंवा आधीं पैसे भरा असें म्हणून जखमी माणसाला ताटकळत ठेवणें बेकायदेशीर आहे. मोटारीच्या धडकेनें जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला एका रुग्णालयानें दुसरीकडे पाठविलें आणि तो वाटेंतच दगावला, या वृत्तावरून निघालेल्या प्रकरणांत १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक डॉक्टरावर तात्काळ उपचाराचें कर्तव्य ठेविलें. २०२५ सालीं केंद्र सरकारनें काढलेल्या योजनेप्रमाणें, रस्त्यावरील मोटार अपघातांत जखमी झालेल्यास नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपावेतों उपचार रोख पैसे न भरतां मिळूं शकतात. आणि जखमीला रुग्णालयांत पोंचविणाऱ्या माणसानें चौकशीच्या भयानें मागें सरूं नये. चांगल्या हेतूनें मदत करणाऱ्याला कायद्यानें संरक्षण दिलें आहे.

पोलिसांनीं अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असा २०२२ पासून नियम आहे. हा अहवालच भरपाईचा अर्ज समजण्याची तरतूदहि कायद्यांत आहे. परंतु हें यंत्र आपोआप फिरेल असें समजून स्वस्थ बसूं नये. कारण कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत केला पाहिजे, अशी अट आहे. १९९४ सालीं ही मुदतीची अट काढून टाकली होती. ती २०२२ पासून पुन्हा आली. जुन्या माहितीवर विसंबून 'मुदत नसतेच' असें सांगणारे सल्लागार अजूनहि भेटतात. या अटीला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें आहे, हें खरें. पण तो वाद वकिलांना लढूं द्यावा, आपण आपला अर्ज सहा महिन्यांत करावा. वकील देण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रिया, मुलें, अपंग व अल्प उत्पन्नाचे लोक यांना तेथें मोफत वकील मिळतो.

मोटार पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाहीं तर? तरीहि हात अगदींच रिकामे राहत नाहींत. १ एप्रिल २०२२ च्या योजनेप्रमाणें अशा प्रसंगीं मृत्यूबद्दल २ लाख आणि जबर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठीं अर्ज त्या तालुक्याच्या वा उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. मोटारीचा विमा नसेल तर मालक स्वतः देणें लागतो, आणि जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें ती रक्कम वसूल करतां येते. चालकापाशीं योग्य परवाना नव्हता असें आढळलें, तर न्यायाधिकरण पुष्कळदां कंपनीला आधीं जखमीचे पैसे चुकते करावयास लावतें व मग मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक देतें. त्यांच्या आपसांतील भांडणासाठीं जखमी माणसानें उपाशी राहावें, हें न्यायाला धरून नाहीं.

शेवटीं दोन शब्द मोटारवाल्या श्रोत्यांसाठीं. कारण हें भाषण ऐकणाऱ्या पुष्कळ घरांत दाराशीं मोटारहि असेल आणि जिन्याखालीं सायकलहि. आपल्या मोटारीचा कोणास धक्का लागला तर त्याला उपचार मिळवून देणें, पोलिसांना चोवीस तासांच्या आंत खबर देणें आणि विमा कंपनीस कळविणें, हें कायद्यानें आपलें कर्तव्य आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं मोटार दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊं शकतो. परंतु कायद्याची भीति बाजूला ठेवून मी असें विचारतों कीं, विम्याचा हप्ता आपण दरसाल भरतां तो कशासाठीं? परवाना खरा असेल, विमा चालू असेल, आणि आपण शुद्धीवर असून मोटार चालवीत असाल, तर सामान्यतः त्या कारागिराची भरपाई आपल्या खिशांतून जात नाहीं. मग दोन नोटांनीं त्याचें तोंड बंद करण्यांत आपला कोणता लाभ? उलट, "हा माझा नंबर, ही माझी विमा कंपनी, चला, आधीं दवाखान्यांत जाऊं," असें म्हणण्यांतच खरी सभ्यता आहे.

त्या टिळक रस्त्यावरील गर्दींत उद्यां कदाचित् आपण असाल. "मिटवून टाका" असें म्हणणारे वडीलधारे प्रत्येक चौकांत भेटतात. "नंबर लिहून घ्या आणि आधीं डॉक्टरांकडे चला," असें म्हणणारा एक जरी त्या दिवशीं तेथें निघाला, तरी एका कुटुंबाचा संसार सावरेल. तें एक वाक्य आपल्यापाशीं तयार असावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.